धावपट्टी दिसली

“…पण ते सांगायलाच हवं का, सर?”

सरनोबत सरांनी हरभऱ्याच्या जुडीतून एक घाटा तोडला. सोलला. हिरवा दाणा तोंडात टाकला.



हँगरच्या सावलीत आम्ही तिघं बसलो होतो. प्रश्न विचारणारा कॅप्टन उदयन गायधनी. आज तो एका मोठ्या कंपनीत प्रवासी विमान चालवतो. पण उडायला तो इथंच शिकला, खानदेशातल्या या लहानशा धावपट्टीवर, केळीच्या बागांच्या मधोमध. शिकवलं सरनोबतांनी. मी त्या वेळी या मुलांना हवामानाचा पेपर शिकवत असे. अजूनही शिकवतो. मला अजून का बोलावतात, हे मी कुणाला विचारत नाही.

सोमवारी गायधनीची वैद्यकीय तपासणी होती.

पायलटचं लायसन्स एकदा मिळालं की मिळालं, असं बाहेर लोकांना वाटतं. तासांवर तास उडायचं, पेपर द्यायचे, रेडिओवर बोलायची परीक्षा द्यायची, शेवटी परीक्षकाला शेजारी बसवून विमान उतरवून दाखवायचं… आणि झालं. तसं नसतं. ते ठरावीक मुदतीनं पुन्हा मिळवावं लागतं. डॉक्टर डोळे बघतात, कान बघतात, हृदयाचा आलेख काढतात. आणि एक प्रश्न तोंडी विचारतात. मागच्या तपासणीनंतर काही झालं होतं का?

गायधनीला काहीतरी झालं होतं.

दिवाळीनंतरची एक सकाळ. तो स्वयंपाकघरात उभा होता. हातातला कप सुटला. तो सुटला हे त्याला कप फुटल्याचा आवाज झाल्यावर कळलं. बायकोकडे फडकं मागायचं होतं, पण ‘फडकं’ हा शब्दच सापडेना. तो तोंड उघडून उभा. तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. ती हसली.

थोड्या वेळानं शब्द परत आला. हातही परत आला. फरशी त्यानं स्वतः पुसली.

हे सगळं त्यानं आम्हाला अगदी नीट, एकामागून एक सांगितलं. रेडिओवर आपली जागा आणि उंची सांगावी तसं.

“डॉक्टरला दाखवलंस?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“का?”

“दाखवलं की कागद होतो, सर.”

सरांनी मान हलवली. त्यांना हे नवीन नव्हतं. सर्दी झाली तर पायलट डॉक्टरकडे धावतात. छातीत कळ आली, चक्कर आली, की मात्र गप्प घरी बसतात. ज्यानं बरं करायचं तोच लायसन्स काढून घेईल, ही भीती. इतकी हुशार माणसं, पण ही चूक त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

“त्यानंतर फ्लाय केलंस?”

“…केलं.”

“शेजारच्याला सांगितलंस?”

“को-पायलटला?” गायधनी हसला. “पोरगा घाबरला असता हो.”

सरांची बोटं घाट्यावर थांबली. मग पुन्हा सोलू लागली.

गायधनी बोलत राहिला. तो रोज पळतो. रक्तदाब विशीतल्या मुलासारखा आहे. हृदयाचा आलेख आजवर एकदाही वाकडा आलेला नाही. त्या आठवड्यात झोप कमी झाली होती, तेवढंच. आणि ‘हो, झालं होतं’ असं म्हटलं, तर ते लगेच खाली बसवतील. आधी तपासण्या, मग वैद्यकीय मंडळ, मग पुन्हा तपासण्या. त्यातून पुन्हा वर जायला मिळेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. घर चालेल, असं तो म्हणाला. घराची त्याला काळजी नव्हती.

“मग कशाची आहे?” सरांनी विचारलं.

त्यानं धावपट्टीकडे बघितलं. एक लहान विमान उतरत होतं, शिकाऊ हातानं, तीन उड्या मारत.

“मला दुसरं काही येत नाही, सर. आणि हे मला फार चांगलं येतं.”

त्यात बढाई होती. पण ती खरी होती, हेही सांगितलं पाहिजे.

मग तो माझ्याकडे वळला. तुम्ही विज्ञानाची माणसं, म्हणाला. एकदा झालेलं पुन्हा होतंच असं आहे का?

मी म्हणालो, तसं नाही. होतंच असं नाही.

वाक्य बरोबर होतं. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो पाहून मला वाटलं, आपण गप्प राहायला हवं होतं. पण गप्प राहणं मला कधीच वेळेवर सुचलेलं नाही.

सरांनी हात झटकले. टरफलं खाली पडली.

“चल,” ते म्हणाले. “एक चक्कर मारू.”

गायधनी ताडकन उठला. वीस वर्षांपूर्वीही तो असाच उठायचा.

“प्रोफेसर, तुम्हीपण चला. मागं वजन लागतं.”

मी आकाशाकडे बघितलं. ढगाचा ठिपकाही नव्हता.

“बघ,” सर गायधनीला म्हणाले. “जन्मभर ढग शिकवले यांनी. पण वर जायची गोष्ट काढली की गुडघा दुखतो.”

दोघं हसले. मीही हसलो. गुडघा खरंच दुखतो, पण त्या दिवशी तो दुखत नव्हता. त्या माणसाच्या हातात आता विमान असणार होतं, आणि त्याच्या त्या हाताचं मी आत्ताच ऐकलं होतं. नाही म्हणायला दुसरं कारण सापडेना. खरं कारण तोंडावर सांगायचा धीर नव्हता.

मी मागच्या सीटवर बसलो.

आधी गायधनीनं विमानाभोवती फेरी मारली. पंखाखालून थोडं इंधन काचेच्या नळीत काढलं, उन्हासमोर धरून पाणी आहे का पाहिलं. पंख्याच्या पात्यांवरून तळवा फिरवला. बिजागऱ्या हलवून पाहिल्या. इतकी मोठी विमानं चालवणारा माणूस, पण यातलं काहीही त्यानं टाळलं नाही. सर लांब उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला माया दिसली, असं वाटतं. मला चेहरे फारसे वाचता येत नाहीत.

डावीकडे गायधनी, उजवीकडे सर. शिकवणाऱ्याची जागा ती.

आम्ही उडालो.

त्यानं विमान इतकं सहज उचललं की चाकं कधी सुटली ते मला कळलं नाही. माझी भीती हळूहळू ओसरू लागली. खाली केळीच्या बागा, मध्ये मध्ये कापूस निघालेली काळी रानं, लांब तापीची पांढरी वाळू. गायधनी मध्येच गुणगुणू लागला. हेडफोनमध्ये ते ऐकू येत होतं. त्याला ते माहीत नसावं.

वळसा घेऊन आम्ही धावपट्टीपासून बरेच दूर आलो.

सरांनी हात पुढं केला आणि इंजिनाचा जोर ठरवणारं थ्रॉटल पूर्ण मागं ओढलं.

आवाज गेला. नुसता वारा राहिला.

“इंजिन गेलं,” सर म्हणाले.

हा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतात. इंजिन बंद पडलं असं धरायचं. विमान तरंगत खाली येणार, त्या वेळात उतरायला एक शेत निवडायचं आणि तिथं जायचं. परीक्षकही हेच मागतो. याच्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

गायधनीनं क्षणही घालवला नाही. नाक खाली केलं, वेग धरला.

“तो नांगरलेला तुकडा,” तो म्हणाला. “विहिरीच्या अलीकडचा. वारा समोरून मिळतो.”

“ठीक.”

तुकडा चांगला होता. लांब, सपाट, विजेच्या तारा नाहीत. मलासुद्धा तो चांगला दिसला. आम्ही त्याच्याकडे उतरू लागलो. उंची कमी होत गेली. बैल दिसू लागले, मग बैलांची शिंगं.

मग गायधनीनं मान थोडी उजवीकडे वळवली.

आणि विमान वळलं.

“कुठं?” सरांनी विचारलं.

“पोचतो, सर.”

मी त्याच्या खांद्यावरून पुढं बघितलं. केळीच्या बागेपलीकडे, उन्हात, आमची धावपट्टी दिसत होती. डांबरी, काळी, पांढऱ्या पट्ट्यांची.

सरांचे हात मांडीवर.

पहिल्या महिन्यात शिकवतात ते असं. इंजिन नसताना विमान लांब न्यायचं म्हणून नाक वर ओढायचं नाही. वर ओढलं की लांब जाईल, असं हाताला वाटतं. तसं होत नाही. वेग मरतो, आणि विमान अलीकडेच पडतं. लांब जायचं असेल तर नाक खाली सोडावं लागतं. मनाला पटतं. हाताला पटत नाही.

गायधनीचा हात अगदी हळू मागं येत होता. सुताएवढा. पुन्हा सुताएवढा.

केळीची पानं वर येऊ लागली. फाटकी पानंसुद्धा वेगळी दिसू लागली. मी सीटची कड धरली.

पंखाला वारा पुरेनासा झाला की एक बारीक भोंगा वाजतो. तो रडू लागला.

“पोचतो,” गायधनी म्हणाला. या वेळी ते सरांना उद्देशून नव्हतं.

भोंगा मोठा झाला. विमान थरथरलं.

“आय हॅव कंट्रोल.”

सरांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी नाक खाली ढकललं, बागेच्या दिशेनं.  त्याच वेळी इंजिन गरजलं. पानांवरून वाऱ्याचा एक पट्टा पळत गेला, आणि आम्ही वर चढलो.

गायधनीचे दोन्ही हात हवेत होते. सोडले होते, तसेच. बराच वेळ त्यानं ते खाली घेतले नाहीत.

सरांनी विमान उतरवलं. इंजिन बंद केलं. पंखा थांबला. तापलेलं लोखंड थंड होताना टिकटिक करतं, तेवढाच आवाज.

कुणी दार उघडलं नाही.

“पोचलो असतो,” गायधनी म्हणाला.

…

“लहान विमानाची सवय गेली, सर. जेटमध्ये असं…”

“पहिलं शेत कसं होतं?”

“…चांगलं होतं.”

“उतरला असतास?”

“डोळे मिटून.”

“मग का सोडलंस?”

त्यानं काचेतून समोर बघितलं. काचेवर मेलेल्या किड्यांचे डाग होते.

“धावपट्टी दिसली, सर.”

सरांनी कानावरचे हेडफोन काढले. गुडघ्यावर ठेवले. त्यांचे हात त्या वेळी म्हाताऱ्या माणसाचे दिसले. वर असताना तसे दिसले नव्हते.

“तुझ्या लायसन्सच्या टेस्टच्या आधी,” ते म्हणाले, “असंच मी इंजिन काढून घेतलं होतं. तेव्हाही तू असंच ओढत आणलंस.”

“कुंपणावरून,” गायधनी लगेच म्हणाला. त्याला सगळं आठवत होतं. “कुंपणावरून चाकं हातभर वरून गेली. पोचलो होतो, सर. सगळी पोरं बघत होती. आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, हात बघा याचा.”

“म्हणालो.”

“मी ते कधी…” तो थांबला.

“त्या दिवशी तू कुंपणात अडकायला हवा होतास.”

 सर रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तेव्हा इंजिन मी आधीच द्यायला हवं होतं,” ते म्हणाले. “वेळ होता. दिलं नाही. पोचतोस का, ते मलाही बघायचं होतं.”

…

“आणि नंतर थापही मारली.”

गायधनीनं दार उघडलं. तो उतरला, पंखाखालून वाकून पलीकडे गेला. आम्हीही उतरलो.  मी पंखाच्या आधाराला हात लावून उभा राहिलो आणि तसा उभा नाही असं दाखवलं.

मग तो बोलू लागला, पाठ फिरवून. मला त्यातलं थोडंच नीट ऐकू आलं. पहिल्यांदा एकटा उडाला तेव्हा पोरांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या होत्या, इथंच, या फरशीवर. घरी गेला तर आई ओले कपडे बघून घाबरली होती. मुलगी शाळेत सांगते, माझे बाबा ढगांच्या वर असतात. सोमवारनंतर बाबा कुठं असतात, हे तिनं काय सांगायचं? आणि त्यानं स्वतः सकाळी उठून काय करायचं?

“इथं येऊन बसू?” तो वळला. “तुमच्याबरोबर घाटे सोलत?”

ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलेलं होतं.

“या वर्षी गोड आहेत,” सर म्हणाले.

गायधनीचा चेहरा उतरला. त्यानं वाकून सरांच्या पायांना हात लावला. चुकलो, म्हणाला. सरांनी त्याचा खांदा धरून त्याला उभं केलं आणि लगेच सोडलं नाही. मला वाटतं, त्यांना काहीतरी सांगायचं होतं. काहीतरी मऊ. ते त्यांनी सांगितलं नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल.

त्यांनी एवढंच विचारलं, तपासणीला जायचा रस्ता लांबचा आहे का. तो म्हणाला, रविवारी रात्री निघेन. बायकोला गाडी चालवायला सांग, असं सर म्हणाले. गायधनीनं मान हलवली.

तो गाडीकडे चालू लागला. आम्ही दोघं बघत होतो. त्याची चाल अजूनही ताठ होती. विमानतळावर लोक ज्या चालीला वाट करून देतात, ती.

अर्ध्यावर तो थांबला. परत आला. भरभर, जवळजवळ पळत. चेहऱ्यावर पुन्हा तो उजेड होता, माझ्या वाक्यानं मघाशी आलेला. काहीतरी सापडलं होतं त्याला.

“सर, एक सांगा. मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. कप, हात, शब्द… सगळं. बरोबर?”

“बरोबर.”

“तरी तुम्ही माझ्याबरोबर बसलात. हेही बसले.” त्यानं माझ्याकडे बोट केलं. माझी नजर खाली गेली. “विमान माझ्या हातात दिलंत. कसलीही खळखळ न करता. म्हणजे तुम्हाला विश्वास वाटला ना? वाटल्याशिवाय बसला असतात का?”

“नसतो बसलो.”

“मग?” तो एक पाऊल पुढं आला. “मग तिकीट काढून मागं बसणाऱ्यांनी का बसू नये?”

लांब कुठंतरी पंप सुरू झाला. बागेला पाणी सुटलं असावं.

सर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. एवढं मात्र मी नक्की पाहिलं.

“गायधनी,” ते म्हणाले, “मला तू सांगितलं होतंस.”